निळू फुले

निळकंठ कृष्णाजी फुले ऊर्फ निळू फुले (१९३० – १३ जुलै, २००९) हे मराठी रंगभूमीवरील आणि चित्रपटसृष्टीतील अभिनेते होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून त्यांची जडणघडण झाली आणि आयुष्यभर ते समाजवादी विचारांचे कार्यकर्ते राहिले. मात्र प्रेक्षकांच्या स्मरणात ते राहिले ते प्रामुख्याने गावचा पाटील, कारखान्याचा चेअरमन आणि सत्तेत मुरलेला पुढारी म्हणून. 'सामना' या चित्रपटातील हिंदुराव धोंडे-पाटील हा साखरसम्राट आणि 'सिंहासन' या चित्रपटातील दिगू टिपणीस हा पत्रकार या त्यांच्या दोन भूमिका मराठी राजकीय उपहासपटांत विशेष महत्त्वाच्या मानल्या जातात. साखर उद्योग आणि शासन यांचे साटेलोटे पडद्यावर कसे मांडावे, या प्रश्नावर महाराष्ट्रात जी मतमतांतरे झाली, त्यांच्या केंद्रस्थानी हिंदुरावाची भूमिका येते.

प्रारंभीचे जीवन

निळू फुले यांचा जन्म पुण्यात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वयाच्या सतराव्या वर्षी ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून कामाला लागले. स्वतःची रोपवाटिका काढण्याचा त्यांचा विचार होता, परंतु भांडवलाअभावी तो तडीस गेला नाही. दरमहा ८० रुपये पगारातील १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत असत. पुढे नाव आणि पैसा मिळाल्यावरही सार्वजनिक कामासाठी झोळी घेऊन फिरण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. त्या स्वभावाचे मूळ या काळात सापडते.

महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. सत्यशोधक समाजाच्या जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात शेटजी-भटजींची टिंगल भरली होती. सेवा दलाचे कलापथक हा त्याच परंपरेचा स्वातंत्र्योत्तर अवतार म्हणता येईल. फरक इतकाच, की आता टिंगलीचा विषय होता तो नवा राज्यकर्ता.

कलापथक आणि वगनाट्य

तमाशाच्या वगात राजा, प्रधान आणि हवालदार असतात. राजा आढ्यतेखोर, प्रधान लबाड आणि हवालदार दोघांच्याही टोप्या उडवणारा. कलापथकांनी या पात्रांना खादी नेसवली आणि राजाच्या जागी मंत्री बसवला. १९५७च्या निवडणुकीच्या प्रचारासाठी निळू फुले यांनी स्वतः 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने तापलेली ती निवडणूक होती. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' या वगनाट्यातील रोंगे या भूमिकेने त्यांचे नाव पुण्याबाहेर पोहोचले.

त्यानंतर 'कथा अकलेच्या कांद्याची' हे वगनाट्य आले. त्याचे दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले. या प्रयोगांच्या निमित्ताने निळू फुले यांनी महाराष्ट्राचा ग्रामीण भाग अक्षरशः पायाखाली घातला. मुक्काम बहुधा गावातल्या प्रतिष्ठिताच्या वाड्यावर किंवा शाळेत. बोलणारा माणूस समोर असताना न बोलता कसे ऐकावे, पान लावताना समोरच्याला किती वेळ ताटकळत ठेवावे, नकार देताना आवाज चढवण्याऐवजी उतरवावा कसा, ही सत्तेची देहबोली त्यांच्या भूमिकांत पुढे इतकी सहज दिसते, की ती ग्रंथांतून आलेली नाही हे सांगावे लागत नाही.

चित्रपटात पदार्पण

दिग्दर्शक अनंत माने यांनी 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) या चित्रपटात त्यांना झेलेअण्णाची भूमिका दिली. पदार्पणातच त्यांची स्वतंत्र छाप पडली. 'सोंगाड्या' (१९७१), 'पिंजरा' (१९७२) या त्या काळच्या गाजलेल्या चित्रपटांतही ते होते. यांपैकी 'पिंजरा' या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांच्यासह त्यांनी काम केले. या दोघांची जोडी पुढे पडद्यावर आणि पडद्याबाहेरही दीर्घकाळ टिकली.

रंगभूमीवर १९७२ साली विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर' या नाटकात त्यांनी सखारामची भूमिका केली. दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचे होते. विवाहसंस्था न मानता टाकलेल्या बायकांना घरात ठेवणारा हा बुकबाइंडर संस्कृतिरक्षकांना मानवला नाही. परिनिरीक्षण मंडळाने अनेक काटछाटी सुचवल्या, प्रयोग रोखले गेले आणि सारंग यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. न्यायालयाचा निकाल नाटकाच्या बाजूने लागला. उदारमतवादी आणि सनातनी अशा दोन छावण्यांमध्ये उभे राहण्याचा निळू फुले यांचा हा पहिला मोठा अनुभव होता. त्या वादात कोण कुठे उभे आहे हे स्पष्ट दिसत होते. 'सामना'च्या वेळी तसे राहिले नाही.

'सामना'ची पार्श्वभूमी : साखर आणि सत्ता

'सामना' समजून घेण्यासाठी साखरेच्या अर्थकारणाची थोडी माहिती आवश्यक आहे. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५०च्या सुमारास घातला गेला. सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या तावडीतून ऊस उत्पादकाची सुटका करणे हा त्यामागचा हेतू होता, आणि तो बऱ्याच अंशी सफलही झाला. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा ज्या सातारा व सांगली जिल्ह्यांतून वाहते, तेथे या चळवळीने गावांचे रूप पालटले. कऱ्हाड तालुक्यातील रेठरे बुद्रुकचा कारखाना, वसंतदादा पाटील यांनी उभा केलेला सांगलीचा कारखाना यांच्याभोवती बँका, सोसायट्या, शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये उभी राहिली. ज्या घरात कोणी शाळेत गेले नव्हते, त्या घरातील मुले अभियंते झाली.

परंतु या यंत्रणेची मांडणीच अशी होती, की तिला शासनाशिवाय एक पाऊल टाकता येत नसे. कारखान्याचा परवाना दिल्लीहून यायचा. भागभांडवलात राज्य शासनाचा वाटा असायचा आणि कर्जाला शासनाची हमी लागायची. उसाची किमान किंमत केंद्र सरकार ठरवायचे, आणि तयार साखरेचा ठरावीक हिस्सा ठरलेल्या दराने सरकारला द्यावा लागायचा. त्यामुळे सरकारदरबारी वजन असणे ही कारखाना चालवण्याची पूर्वअटच होऊन बसली. कारखान्याचा अध्यक्ष आमदार झाला, आमदार मंत्री झाला, आणि मंत्र्यांपुढे मागण्या मांडणाऱ्या शिष्टमंडळात त्याचेच सगेसोयरे असत. वृत्तपत्रांनी या वर्गाला साखरसम्राट असे नाव दिले. साखर लॉबी हा शब्दही पुढे मराठीत रुळला.

अमेरिकेत उद्योगांची बाजू लोकप्रतिनिधींपुढे मांडणारा मध्यस्थ हा नोंदणीकृत व्यावसायिक असतो. तंबाखू कंपन्यांची वकिली करणाऱ्या अशाच एका मध्यस्थावर 'थँक यू फॉर स्मोकिंग' (२००५) हा उपहासपट निघाला. त्याच्या तीस वर्षे आधीच्या 'सामना'त असा मध्यस्थ नाही, कारण त्याची गरजच नाही. भांडवल आणि सत्ता एकाच माणसाच्या अंगरख्याच्या दोन खिशांत आहेत, आणि तो माणूस म्हणजे हिंदुराव.

'सामना' (१९७४)

रामदास फुटाणे यांनी निर्मिलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची पटकथा तेंडुलकर यांची होती. पटेल यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेला, आता दारूच्या आहारी गेलेला एक मास्तर (डॉ. लागू) गावात येऊन पडतो. हिंदुराव त्याला आपल्या घरी आसरा देतो, आपले वैभव दाखवतो, खाऊपिऊ घालतो. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते. हा माणूस बेपत्ता आहे, आणि त्याचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही. मास्तर हाच एक प्रश्न सगळ्यांना विचारत सुटतो. अखेरीस सत्य उघडकीस येते आणि हिंदुरावाला पोलिसांच्या हवाली व्हावे लागते.

मारुती कांबळे याच्याविषयीचा तो प्रश्न पुढे महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात म्हणीसारखा वापरला गेला. दडपलेल्या कोणत्याही प्रकरणासंबंधी तो आजही विचारला जातो.

निळू फुले यांनी हिंदुराव खलनायक म्हणून रंगवला नाही, हे या भूमिकेचे मर्म आहे. त्यांचा हिंदुराव अगत्यशील आहे, विनोदी आहे, त्याला माणसांची पारख आहे. आपण गावाचे भले केले आहे अशी त्याची मनोमन खात्री आहे, आणि ती सर्वस्वी खोटीही नाही. मास्तरबद्दल त्याला खरोखर ओढ वाटते. ज्याला विकत घेता येत नाही असा माणूस त्याने फार दिवसांत पाहिलेला नसतो. त्यामुळे प्रेक्षक हिंदुरावावर हसत हसत त्याच्या प्रेमात पडतो आणि मग मारुती कांबळे आठवला की स्वतःच्याच हसण्याने ओशाळतो. वगातला राजा नुसता हास्यास्पद असतो. हिंदुराव हास्यास्पद असून समर्थ आहे.

१९७५ साली बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात 'सामना'ची निवड झाली. महाराष्ट्रात प्रारंभी त्याला थंडा प्रतिसाद मिळाला होता. बर्लिननंतर तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा मात्र लोकांनी उचलून धरला.

'सामना'विषयीचे मतभेद

'सामना'वरील प्रतिक्रियांची विभागणी उदारमतवादी विरुद्ध परंपरावादी अशी सरळ करता येत नाही. समाजवादी आणि पुरोगामी वर्तुळात या चित्रपटाचे स्वागत झाले. सहकाराच्या नावाखाली नवी सरंजामशाही आली आहे आणि तिचा पहिला बळी दुबळ्या जातींतील माणूस आहे, हे या मंडळींचे म्हणणे चित्रपटाने दृश्यरूपात मांडले होते. मारुतीचे आडनाव कांबळे असणे हा त्यांच्या दृष्टीने योगायोग नव्हता.

शहरी परंपरावादी मध्यमवर्गालाही चित्रपट आवडला, मात्र वेगळ्या कारणाने. ग्रामीण नेतृत्वाविषयी त्याच्या मनात जी अढी होती, तिला येथे पुष्टी मिळाली. कूळकायद्यानंतर आणि सत्ता गावाकडे सरकल्यानंतर या वर्गाचे स्थान डळमळले होते. त्यामुळे टोपीवाल्या पाटलाला हसताना त्यात व्यवस्थेवरची टीका किती आणि जुना आकस किती, हे सांगणे कठीण होते.

सहकार चळवळीतील लोकांचा आक्षेप नेमका येथेच होता. ज्या माणसांनी ओसाड माळावर चिमण्या उभ्या केल्या, त्यांच्यावर पुण्या-मुंबईच्या लेखक-कलावंतांनी हसावे, आणि गिरण्यांचे मालक, बडे खासगी उद्योगपती व त्यांचे दिल्लीतील प्रतिनिधी यांच्याकडे मात्र त्यांचे लक्ष जाऊ नये, हा न्याय कुठला, असा त्यांचा सवाल असे. मुंबईतील भांडवलदारांनी मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून राज्य पुनर्रचना आयोगापुढे केलेल्या खटपटी लोक विसरले नव्हते. मोठ्या उद्योगाचे वजन सभ्य इंग्रजीत वापरले गेले की ते निवेदन ठरते, आणि शेतकऱ्याच्या पोराने वापरले की गुंडगिरी, हा युक्तिवाद सहज बाजूला सारण्यासारखा नाही.

चौथी दृष्टी पुढे शेतकरी संघटनेच्या रूपाने आली. शरद जोशी यांची मांडणी आर्थिक उदारमतवादाची होती. त्यांच्या मते दोष एखाद्या हिंदुरावाच्या स्वभावात नसून परवाने, हमी आणि ठरवून दिलेल्या किमती यांच्या व्यवस्थेत होता. जेथे भाव सरकार ठरवते, तेथे सरकारच्या दाराशी गर्दी होणारच. या दृष्टीने पाहिले तर समाजवादी टीकाकार हिंदुरावाला शिक्षा मागतात, पण ज्या मातीत तो उगवतो तिला खतपाणी घालणारी धोरणे त्यांना मान्यच असतात. निळू फुले स्वतः शेवटपर्यंत समाजवादी राहिले. बाजाराने हा प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांत ते कधी गेले नाहीत.

विशेष म्हणजे हिंदुराव साकारणारा नट हा स्वतः बहुजन समाजातून आलेला, मजुरी केलेला आणि फुले परंपरेचा अभिमानी होता. शहरी पांढरपेशांनी केलेली टिंगल हा आरोप पटकथाकारावर करता आला, तरी निळू फुले यांना तो चिकटत नव्हता. आपल्याच माणसांतून वर आलेली सत्ता आपल्याच माणसांवर उलटते, हे दुःख त्यांच्या अभिनयात उपहासाइतकेच जाणवते.

'सिंहासन' (१९७९)

अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेल यांनी केले. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांच्या भूमिकेत अरुण सरनाईक, त्यांना शह देऊ पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणून डॉ. लागू आणि कामगार पुढारी डिकास्टा म्हणून सतीश दुभाषी होते. निळू फुले यांच्या वाट्याला आला तो पत्रकार दिगू टिपणीस. या माणसाला सगळे ठाऊक आहे, पण त्याच्या हाती काहीच नाही.

ही निवड धाडसी होती. ज्याच्या नुसत्या येण्याने प्रेक्षागृहात दरारा पसरे, त्याला येथे कोपऱ्यात उभे राहून पाहायचे होते. मंत्री, कामगार पुढारी, तस्कर आणि पैसेवाले यांच्या बैठका, सौदे आणि निष्ठांची देवघेव दिगूच्या डोळ्यांदेखत घडते. 'सामना'त मास्तरला निदान एक प्रश्न विचारता आला होता. दिगूला बातमी कळते तेव्हा तिचा उपयोग कोणाला तरी आधीच होऊन गेलेला असतो. शेवटी मनाचा तोल जाऊन तो हसत सुटतो. मराठी चित्रपटातील उपहासाचे इतके भयाण टोक क्वचितच गाठले गेले आहे.

साच्यातील भूमिका

'सामना'च्या यशाची निळू फुले यांना किंमतही मोजावी लागली. निर्मात्यांना हिंदुरावाची टोपी, धोतर आणि दबका आवाज हवा होता, त्याच्याभोवतीचा कारखाना आणि बँक नको होती. पुढच्या कितीतरी चित्रपटांत त्यांचा पाटील केवळ परस्त्रीवर डोळा ठेवणारा खलपुरुष उरला. सत्तेचे आर्थिक मूळ गळून गेले आणि लंपटपणा तेवढा शिल्लक राहिला. अशा चित्रपटांनी साखरसम्राटांना काही अडचण होण्याचे कारण नव्हते. ग्रामीण स्त्रिया मात्र हा अभिनेता प्रत्यक्ष समोर आला तरी त्याच्याकडे तिरस्काराने पाहत. निळू फुले यांना ती आपल्या कामाची पावती वाटे. समीक्षेच्या दृष्टीने पाहता ती पावती अर्धीच म्हणावी लागेल.

हिंदी चित्रपटांत त्यांनी 'कुली' (१९८३), 'मशाल' (१९८४) आणि महेश भट्ट दिग्दर्शित 'सारांश' (१९८४) यांत कामे केली. 'सारांश'मधील गजानन चित्रे हा राजकारणी हिंदुरावाचा शहरी भाऊबंद शोभतो. 'जैत रे जैत' (१९७७) या आदिवासी जीवनावरील चित्रपटातील त्यांचे काम या सर्वांहून निराळे आहे. संगीत नाटक अकादमीने १९९१ साली त्यांचा गौरव केला.

सामाजिक कार्य

पूर्णवेळ काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यात आला. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. लागू आणि निळू फुले यांचा त्यात पुढाकार होता. निधीसाठी आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग नामवंत कलावंतांनी गावोगावी केले. या प्रयोगांतून जमलेल्या रकमेवर मानधनाची योजना उभी राहिली. कोणा उद्योगसमूहाच्या मोठ्या देणगीवर विसंबण्यापेक्षा तिकीट काढणाऱ्या सामान्य माणसाकडून पैसा उभा करणे हे त्यांच्या विचारांशी सुसंगतच होते.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतही ते दाभोलकर यांच्या बाजूने उभे राहिले. पडद्यावरच्या प्रतिमेचा उपयोग ते येथे खुबीने करून घेत. त्यांना पाहायला गर्दी जमे, आणि जमलेल्या गर्दीला मग चळवळीचे चार शब्द ऐकावे लागत. व्यासपीठावर मात्र ते थोडके आणि साधे बोलत. वाचन अफाट असूनही त्याचे प्रदर्शन त्यांनी कधी केले नाही.

अखेरची वर्षे

उतारवयात त्यांनी चित्रपटांतील कामे कमी केली. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न ऐरणीवर असताना त्याच विषयावरील 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. अन्ननलिकेच्या कर्करोगाने १३ जुलै, २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.